आवाज येतोय ना?

"कुणी न्हाई बाई, बिनघोर बांधा," मगदूमसाहेब पुढच्या दारातून म्हणाले, आणि मागच्या दाराने कँटीनचा आण्णू "चहाऽ" म्हणून ओरडत आत शिरला.

मी मीटिंग रूमच्या नव्याकोऱ्या टेबलाखाली होते. पदर कमरेला खोचलेला, सुतळीचं एक टोक दातांत, दुसरं हातात. आण्णूने वाकून पाहिलं. किणीकर फौंड्रीची स्टेनो, कुरुंदवाडे बाईंसारखी पोक्त बाई, टेबलाखाली ओणवी होऊन काय करते आहे हे त्याला काही उमजेना.

"कानातली कुडी पडली," मी दातांतून म्हणाले.

"दोन्ही हायत की कानात," आण्णू म्हणाला आणि कप ठेवून आल्या वाटेने गेला.

साहेब अजून व्हरांड्याकडे तोंड करून उभे होते. आण्णू आला काय, ओरडला काय, गेला काय, त्यांना पत्ताच नव्हता. वळून बघतात तर टेबलावर चहा. "ह्यो कवा आला?" त्यांनी विचारलं. पाठीमागे तोफ उडाली तरी ज्याला कळायचं नाही, त्याला मी पहाऱ्यावर ठेवलं होतं. माझ्या अकलेचे असेच दिवे होते.

श्रीपतराव मगदूम आमचे वर्क्स मॅनेजर. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत ते मिसरूड फुटायच्या वयात लागले, ते फेटलिंगला. ओतून थंड झालेल्या नगावरचं खरबरीत लोखंड छिन्नी-हातोड्याने आणि ग्राइंडरने काढायचं, ते फेटलिंग. तिथे दिवसभर जो आवाज असतो तो मी पाच मिनिटं ऐकला तरी संध्याकाळपर्यंत माझं डोकं भणभणायचं. साहेब तिथून एकेक पायरी चढत वर आले. कान मात्र तिथेच राहिले.

मला ते कळलं डिक्टेशन घेताना. मी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर ते माझ्या तोंडाकडे बघत असले तरच द्यायचे. एकदा मला सर्दी झाली होती, तोंडापुढे रुमाल धरून मी विचारलं, "साहेब, तारीख कोणती घालू?" साहेब गप्प. मी पुन्हा विचारलं. तरी गप्प. मी रुमाल काढला तेव्हा ते माझ्याकडे बघतच होते.

"बाई, कळलं न्हवं तुमाला?"

"कळलं."

"मग या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका."

आता यात लपवण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण फौंड्रीच्या शेडमध्ये डोक्यावरून क्रेन जाते, क्रेनला लटकलेलं वितळलेलं लोखंड जातं. क्रेनचा भोंगा ज्याला ऐकू येत नाही त्याने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम होता. तो नियम साहेबांनीच केलेला होता. कळलं असतं तर साहेब त्याच दिवशी घरी बसले असते. आणि साहेब घरी बसले की हातमोल्डिंगची शेड बंद झाली असती.

ही शेड म्हणजे फौंड्रीचा सर्वांत जुना भाग. मोठमोठे, एकेकटे नग ओतायचे तर त्यांचे साचे तिथले कारागीर हाताने वाळूत घालायचे. मशीनवर शंभर साचे होतील तेवढ्या वेळात तिथे एक व्हायचा. फायदा म्हणाल तर आता नावालाच उरला होता. पण आमचे मालक तात्यासाहेब किणीकर यांनी एक रीत घालून दिली होती. शेडमधला माणूस कमी करायचा तर मगदूमचा होकार पाहिजे. लेखी नको, तोंडी पाहिजे, मीटिंगमध्ये, सगळ्यांच्या देखत. मगदूम "न्हाई" म्हणाले की विषय संपला. साहेबांचा "न्हाई" हा त्या शेडच्या छपराचा खांब होता म्हणा ना.

तात्यासाहेब दम्याने हैराण. फौंड्रीची धूळ त्यांना सोसायची नाही, म्हणून ते रस्त्यापलीकडच्या बंगल्यात बसत. तिथून आमच्या मीटिंग रूमपर्यंत खांबाखांबांवरून एक जाड काळी वायर आणली होती. दोन्हीकडे एकेक कॅमेरा आणि एकेक ढबोळ्या पाठीचा टीव्ही. वारं सुटलं की तात्यासाहेबांच्या तोंडावरून आडव्या रेघा पळायच्या. मग कुणीतरी उठून टीव्हीला मागून दोन थापा द्यायचं, की चित्र पुन्हा सरळ. तात्यासाहेब कॅमेऱ्याला इतके चिकटून बसत की पडद्यावर नुसतं तोंड. मिशीतला केस न् केस मोजून घ्यावा. बोलायचेही अगदी सावकाश, एकेक शब्द चघळल्यासारखा. आम्ही खाली माना घालून हसायचो. पण जरा मागे सरका, असं मालकाला सांगणार कोण?

आमच्या बाजूच्या कॅमेऱ्यात साहेबांची खुर्ची तेवढी मावायची. मी शेजारी बसायची, पण चित्राबाहेर. इतर कुणी काही विचारलं की मी वहीवर मोठ्या अक्षरांत लिहायची, साहेब नजर टाकून उत्तर द्यायचे. तात्यासाहेबांशी मात्र त्यांना माझी गरज पडायची नाही. त्या दोघांचं बोलणं कसं फर्मास चालायचं.

मग तात्यासाहेब गेले. मुलगा अभिनंदन पुण्याच्या ऑफिसात बसायचा, सगळा कारभार त्याच्याकडे आला. हा वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. वडिलांचा शब्द त्याने मोडला नाही. त्याने फक्त वायर बदलली.

कंत्राटदाराची माणसं आली, खांबांवरची काळी वायर गुंडाळून घेऊन गेली. दोन्ही टीव्ही भंगारात गेले. भिंतीवर दाराएवढा पडदा लागला आणि त्याच्या खाली लांबोडका कॅमेरा. जो बोलेल त्याच्याकडे तो आपला आपण वळायचा आणि त्याचं तोंड जवळ आणून दाखवायचा. चित्र तर असं स्वच्छ की मला वाटलं, चला, साहेबांचे दिवस सुखाचे आले.

झालं उलटंच. पडदा दाराएवढा, पण त्यात डझनभर चौकोन. पुण्याची माणसं, चाकणची माणसं, कुणी गाडीतून, कुणी घरून, एकेक तोंड तळहाताएवढं. आवाज पुढे आणि ओठ मागे. भाऊबंदकीच्या वरातीसारखं, दोघं एकत्र म्हणून कधी चालायचे नाहीत. साहेब डोळे फाडफाडून बघायचे आणि त्यांना एक अक्षर लागायचं नाही. शिवाय त्या कॅमेऱ्याला सगळं टेबल दिसायचं. पहिल्याच मीटिंगला मी वही साहेबांकडे सरकवली, तर अभिनंदन हसून म्हणाला, "मॅडम, मगदूमकाकांना चिठ्ठ्या कसल्या देताय? परीक्षा आहे का?"

सगळे हसले. सगळे हसतायत हे पाहून साहेबही हसले. मी वही मिटली.

त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, पोरं ल्हान हुती तवा पाळणा कसा हलवत हुता?"

"पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून. हात मोकळे राहायचे, भाकरी थापायला."

"मग झालं की," ते म्हणाले.

अशी ती सुतळी आली; आण्णूने मला टेबलाखाली पाहिलं तेव्हा मी तीच बांधत होते. एक टोक साहेबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात, बूट काढून. दुसरं माझ्या डाव्या हातात, मांडीवर. कुणी विचारलं की मी ओढायची. एक हिसका म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे "बगून सांगतो." विषयपत्रिका आधी येत असे, आम्ही बसून ठरवायचो कशाला काय म्हणायचं. वर लाखो रुपयांची यंत्रणा आणि खाली आमची वाण्याच्या पुड्याची सुतळी. पण चालायची बापडी, कधी अडकली नाही.

एका गोष्टीला मात्र सुतळी लागायची नाही. मीटिंग सुरू झाली की पुण्याहून ठरलेला प्रश्न यायचा, "आवाज येतोय ना?" मध्येच चित्र गोठायचं, अभिनंदनचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. पुन्हा हललं की पुन्हा तेच, "काका, आवाज येतोय ना?" दर खेपेला, न चुकता. साहेबांनी हे एक बरोबर हेरलं होतं. चित्र गोठून सुटलं आणि समोरचा हसून वाट बघायला लागला की ते हात वर करायचे, "हो, हो, एकदम स्पष्ट. होऊन जाऊ द्या." त्या खोलीत आवाज येतोय असं सर्वांत ठणकावून सांगणारा माणूस तोच होता. मला हसू यायचं. तेव्हा यायचं. आता माझा भाचा घरून काम करतो, त्याच्या खोलीतून दिवसभर "येतोय ना आवाज?" ऐकू येतं, आणि मी उठून परसात जाते.

शेडचा विषय दोनदा निघाला. दोन्ही वेळा मी दोन हिसके दिले, दोन्ही वेळा साहेब "न्हाई" म्हणाले. अभिनंदनने मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. शेडमधल्या लोकांना कुठून तरी कळायचंच. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर कुणीतरी पेरू आणून ठेवलेले असायचे, कुणी मक्याची कणसं. साहेब मला निम्मी द्यायचे. "दोरी तुमी वडलासा," म्हणायचे.

ज्या दिवसाचं मला सांगायचंय त्या दिवशी सकाळी कंत्राटदाराची माणसं पुन्हा आली होती. टेबलाखाली वायरींचं जंजाळ झालंय, नीट बांधून देतो, म्हणाली. ती गेल्यावर मी आधी टेबलाखाली डोकावले. माझा जीव सुतळीत अडकलेला. पण सुतळी होती. माझ्या खुर्चीपाशी माझं टोक, साहेबांच्या खुर्चीपाशी त्यांचा फास, दोन्ही जिथल्या तिथे. बिचाऱ्यांनी टाकली नाही, असं मनात म्हणून मी निर्धास्त बसले.

मीटिंग चांगली चालली. कोळशाचा विषय झाला, सुट्ट्यांचा झाला. त्यात कुणी साहेबांना काही विचारलं नाही. मग अभिनंदनने विषयपत्रिका बाजूला ठेवली.

"आता आयत्या वेळचा एक विषय," तो म्हणाला. "मगदूमकाका, हे तुमच्यासाठी..."

आणि चित्र गोठलं. अभिनंदनचा हात वर, डोळे अर्धे मिटलेले. साहेबांनी माझ्याकडे पाहून बारीक हसू केलं. मग चित्र सुटलं. अभिनंदन पुढे झुकला होता, चेहरा मऊ.

"काका, हातमोल्डिंगची शेड या महिनाअखेर बंद करावी म्हणतो. दोनदा तुम्ही नाही म्हणालात, मी थांबलो. आता माझाही नाइलाज झालाय. कुणाला वाऱ्यावर सोडणार नाही, सगळ्यांची देणी वेळेवर देऊ. तात्यांनी घालून दिलेली रीत म्हणून विचारतोय. तुमचा होकार आहे ना?"

एवढं म्हणून तो हसला. वडीलधाऱ्या माणसाकडे बघून हसतात तसं, आणि वाट बघायला लागला.

मी सुतळी ओढली. एक, दोन. साहेब ढिम्म. मी पुन्हा ओढली, जोरात. सुतळी ताठ झाली, माझ्या बोटांत रुतली, आणि तिथेच राहिली. पलीकडे काही जाईना. साहेब पडद्याकडे बघत होते. चित्र गोठून सुटलंय, समोरचा हसतोय, वाट बघतोय, आणि अंगठ्याला काही जाणवत नाही. म्हणजे हा तोच प्रश्न. ज्याला सुतळी लागत नाही तो.

त्यांनी हात वर केला.

"हो, हो, एकदम स्पष्ट," साहेब म्हणाले. "होऊन जाऊ द्या."

पुण्याच्या माणसांना वाटलं होतं म्हातारा भांडेल. मग अभिनंदनने खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास सोडला. "थँक यू, काका. मला फार अवघड वाटत होतं."

मी त्या खोलीत कधी तोंड उघडलं नव्हतं. मीटिंगमध्ये मी म्हणजे पेन आणि वही. पण माझ्या तोंडून निघालं, "थांबा! साहेबांना प्रश्न ऐकू गेला नाही."

कॅमेरा वळला. दुसऱ्या क्षणी सगळ्या पडद्यावर मी होते. घाबरलेली, कपाळावर घाम, तोंड दाराएवढं. आणि साहेब बघत होते. इतक्या महिन्यांत त्या पडद्यावर त्यांना वाचता येतील असे हे पहिले ओठ, आणि ते माझे. त्यांनी एवढंच वाचलं, ऐकू गेलं नाही.

त्यांची मान कानांपर्यंत लाल झाली.

"काका?" अभिनंदनचा चौकोन मोठा झाला. तो काळजीने, जरा मोठ्याने म्हणाला, "काका, मॅडम काय म्हणतात? कानाचा काही त्रास आहे का?" बोलताना त्याने आपल्या कानाला हात लावून दाखवला.

ते साहेबांना कळलं. ते न कळायला काय झालं?

"कुनाला? मला?" साहेब हसले. इतकं खोटं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "कान खणखणीत हायत माझं. बाईंचंच ध्यान न्हवतं. म्हनलो न्हवं, होऊन जाऊ द्या?"

"साहेब..." मी म्हणाले. कॅमेरा पुन्हा माझ्याकडे वळायला लागला. साहेबांनी टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. "लिवून घ्या, बाई!"

"मॅडम, नोंद करा," अभिनंदन म्हणाला. "काका, तात्या असते तर त्यांनाही पटलं असतं." पलीकडून एकेक चौकोन विझत गेला आणि पडदा काळा झाला.

साहेब वाकून बूट घालायला लागले. मी तशीच बसले होते. एक बूट घालून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"आज दोरी का वडला न्हाई?"

मी खाली वाकून दाखवलं. टेबलाच्या पोटाशी पांढऱ्या वायरींची जुडी बांधली होती, वीतभर अंतरावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळून. त्या जुडीत आमची पांढरी सुतळीही नीट, सरळ, आवळून बांधली होती. माणसांनी काम चोख केलं होतं.

साहेबांनी एका पट्टीत बोट घालून ओढून पाहिलं.

"आन इचारलं काय हुतं त्यानं?"

मी सांगितलं.

"परत म्हना."

मी परत म्हटलं. सावकाश, एकेक शब्द, तात्यासाहेब बोलायचे तसं. "हातमोल्डिंगची शेड. महिनाअखेर बंद. तुमचा होकार आहे ना."

दुसरा बूट त्यांच्या हातात होता. तो त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"मी पुण्याला फोन लावते," मी म्हणाले. "सांगते त्यांना."

"काय सांगशीला?"

"खरं ते."

"म्हंजे मगदूम भैरा हाय."

"हो. म्हणजे तेच."

"मग त्यो इचारंल, इतकं दिस न्हाई न्हाई कोन म्हनत हुतं? बाई म्हनत हुत्या का सुतळी?" त्यांनी मान हलवली. "भैऱ्याचा हो खोटा ठरला, तर त्याचं न्हाई बी खोटंच ठरतंय."

"ठरू दे. निदान शेड बंद व्हायचं आठ दिवस तरी लांबेल. त्या माणसांचा तरी विचार करा."

मी फोन उचलला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून तो खाली दाबला. "माझ्या मड्यावर करा फोन," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. आजही येतो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते त्यासाठी अडून बसले नव्हते. ते शरमेने अडले होते, आणि शरमेला माणूस वाटेल तेवढी कारणं पुरवतो. इतकी वर्षं या माणसाच्या कानाची मी राखण केली, कारण त्या कानाच्या आड शेड उभी होती. आता कान वाचले होते आणि शेड गेली होती. मी फोन सोडला. अशा माणसाचा हात झटकून टाकण्याइतकी मी दगड नव्हते.

"चला," ते म्हणाले. "त्यास्नी मीच सांगतो. दुसऱ्याकडनं कळाय नगं."

पण ते दुसऱ्याकडनं कळून गेलं होतं. मीटिंग रूमबरोबर कँटीनमध्ये आणि शेडच्या तोंडाशीही नवे पडदे बसवले होते, नोटिशींसाठी. आधीच्या काळी नोटीस मी टाइप करायची, शिपाई चार तासांनी फळ्यावर चिकटवायचा, तेवढ्यात निदान माणसाला काही सुचायचं. आता आम्ही अंगण ओलांडेपर्यंत पुण्याहून ती आली होती. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. हातमोल्डिंग विभाग महिनाअखेर बंद. खाली वर्क्स मॅनेजरांच्या संमतीने, असं.

शेडमध्ये काम चालू होतं. वाळू चाळायची चाळणी धडधडत होती, पलीकडे फेटलिंगचे ग्राइंडर किंचाळत होते, वर क्रेन सरकत होती. त्या गदारोळात तिथे कुणी कुणाशी आवाजाने बोलत नाही. ओठ हलवायचे, हातांनी खुणा करायच्या. बोट वर केलं की क्रेन उचल, मूठ उघडली की ओत, हात आडवा फिरवला की सगळं थांबव. नवा माणूस महिन्याभरात ती भाषा शिकतो. साहेबांना साऱ्या फौंड्रीत ही एकच जागा अशी होती की जिथे त्यांचं काही अडायचं नाही.

पडद्याखाली आठदहा माणसं उभी होती. पुढे हिंदुराव लोहार. शेडचा सर्वांत जुना कारागीर, साहेबांबरोबर त्याच वर्षी फेटलिंगला लागलेला. हाताला अजून ओली वाळू होती. तो साहेबांकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. काहीतरी घोटाळा झालाय, साहेब आता हसतील आणि सांगतील, अशी ती नजर होती.

त्याचे ओठ हलले. मलासुद्धा वाचता आले.

"साहेब, तुमी हो म्हनला?"

साहेबांनी ते वाचलं. त्यांचे डोळे त्याच्या ओठांवरच होते, एक अक्षर सुटलं नसेल. पण त्यांनी उजवा हात उचलला आणि कानामागे धरला.

"ऐकू येत न्हाई रे मला!" ते मोठ्याने म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या आयुष्यात जे तोंडातून काढलं नाही, घटकेपूर्वी ज्याच्यासाठी शेड घालवली, ते त्यांनी इथे सांगितलं. आणि सांगितलं तेही त्या एका माणसाला, ज्याचं सगळं त्यांना कळलं होतं.

हिंदुराव दोन पावलं पुढे आला. अगदी साहेबांच्या तोंडापुढे उभा राहिला. आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला. ती बोलण्याची तऱ्हा मी ओळखली. ती मी टीव्हीवर पाहिली होती.

"ते ठावं हाय आमास्नी. सगळ्या शेडला ठावं हाय. हितं निम्मी मानसं भैरीच हायत की. बंगल्यापतोर ती काळी वायर आमीच वडली. तात्यासाहेब म्हनलं हुतं, कॅमेरा माज्या तोंडाम्होरं लावा, मगदूमला वाचाय आलं पायजे, आन त्याला ह्ये कुनी सांगू नका." तो थांबला. "तुमी हो म्हनला का, तेवडं सांगा."

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. सवयीने. माझे दोन्ही हात रिकामे होते.

"व्हय," साहेब म्हणाले. "मीच म्हनलो."

हिंदुरावने मान हलवली. मग तो शेडकडे वळला आणि त्याने उजवा हात आडवा फिरवला. आधी चाळणी थांबली. मग एकेक करून ग्राइंडर थांबले, मग वरची क्रेन. त्या शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, मुंगी चालली तरी ऐकू आली असती. साहेबांना ती कळली नाही. ते हिंदुरावच्या पाठीकडे बघत उभे होते, तो वळून आणखी काही बोलेल म्हणून.